भरतीच्या तासांचा तलाव : नेरूळचा डीपीएस तलाव आणि रोहितांचा थवा

ठाणे खाडीत दिवसातून दोनदा भरती येते आणि दोन्ही वेळा रोहितांना, म्हणजे फ्लेमिंगोंना, चरायची जागा सोडावी लागते. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर त्यांचे खाणे असते. पाणी चढले की तो चिखल बुडतो आणि हजारो पक्ष्यांना उथळ, मोकळे, शांत पाणी दुसरीकडे शोधावे लागते. नवी मुंबईतल्या नेरूळ-सीवूड्सचा डीपीएस तलाव (शेजारच्या दिल्ली पब्लिक स्कूलवरून पडलेले नाव) हे त्यांतले एक ठिकाण. क्षेत्रफळ साधारण 30 एकर, एका बाजूला वस्ती, दुसऱ्या बाजूला कांदळवन आणि पलीकडे खाडी. 2024 च्या उन्हाळ्यात हा तलाव आटला आणि हिरव्या थराने भरला. त्या वर्षीच्या सुरुवातीच्या महिन्यांत परिसरात रोहित मरून पडले. काही नेरूळ जेट्टीकडच्या मोठ्या फलकावर आदळून मेले, काहींना कुत्र्यांनी गाठले. पुढे तो फलक काढला गेला, पाण्याचे मार्ग मोकळे करण्याची कामे झाली, आणि 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मान्यता दिली.

थव्याने जगणाऱ्या पक्ष्याचा अधिवास तुटतो म्हणजे नेमके काय होते, हे या तलावाइतके स्पष्ट दाखवणारे ठिकाण आसपास दुसरे नाही. येथे झाडे तोडली गेली नाहीत, तलावावर इमारतही उभी राहिली नाही. नकाशावर तलाव जागच्या जागी होता. तुटला तो खाडीशी असलेला संबंध.

घड्याळ भरतीचे

खाडीत दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती मुंबईच्या किनाऱ्यावर दुपारी आणि मध्यरात्री 12 ते 1 च्या सुमारास येते. पाणी साधारण साडेचार मीटरपर्यंत चढते, पावसाळ्यातल्या काही उधाणांना पाच मीटरच्या जवळ जाते. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते. तेव्हा पाणी सव्वातीन मीटरच्या आसपासच थांबते, आणि ओहोटीही फार खाली जात नाही.

रोहितांच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. उधाणाला चिखल पूर्ण बुडतो, पण ओहोटीला तितकाच दूरपर्यंत उघडा पडतो. म्हणजे खायला भरपूर, पण मधले काही तास पूर्ण बेघर. त्यातला एक मुक्काम भर दुपारच्या उन्हात पडतो आणि दुसरा मध्यरात्री, वस्तीच्या दिव्यांसमोर. पक्षी पाहायला जाणारे बहुतेक जण सकाळ-संध्याकाळ जातात. उधाणाच्या दिवसांत त्या वेळी ओहोटी असते, तलाव रिकामा दिसतो, आणि "हल्ली येथे पक्षी येत नाहीत" असा निष्कर्ष निघतो. तलावाची पाहणी भरतीचे कोष्टक हातात घेऊनच करायची. कोष्टकातल्या भरतीच्या एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंत थांबले तरच मोजणीला अर्थ राहतो. खाडीत आतवर भरती थोडी उशिरा पोहोचते, तेही धरून चालावे.

खाडीत दोन प्रकारचे रोहित येतात. छोट्या रोहितांची संख्या जास्त. उंची 80 ते 90 सेंटिमीटर, चोच गडद लाल. मोठा रोहित सव्वा मीटरच्या पुढे जातो, त्याची चोच गुलाबी आणि टोकाला काळी असते. हा फरक केवळ ओळखण्यापुरता नाही. छोट्या रोहिताच्या चोचीच्या आत बारीक पात्यांची दाट झालर असते. मान खाली घालून, चोच उलटी धरून तो जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे करतो, पाणी आत घेतो, बाहेर फेकतो, आणि सूक्ष्म शेवाळ झालरीत अडकते. मोठ्या रोहिताची झालर विरळ असते, तो चिखलातले किडे, शिंपले, झिंगे गाळून खातो. उंच पायांमुळे तो खोल पाण्यातही उभा राहतो. छोट्याला घोट्यापासून वीत-दीड वीत पाणी हवे असते. त्याहून खोल गेले तर तो पोहतो, पायाला पडदे असतात, पण पोहत झोप नीट होत नाही. म्हणून तलावातली पाण्याची पातळी दहा-वीस सेंटिमीटरने इकडेतिकडे झाली, तर मोठ्या रोहितांपेक्षा कितीतरी अधिक छोट्यांची जागा जाते.

थवा आपली जागा कशी निवडतो

तुटलेल्या अधिवासाशी जुळवून घेण्याचे रोहितांचे मुख्य साधन म्हणजे पंख. एक पाणथळ बिघडले तर ते दुसऱ्यावर जातात. टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेजवळची पाणथळ, एनआरआय या निवासी संकुलामागची, भांडुपच्या उदंचन (पंपिंग) केंद्राजवळची, उरणकडची पाणजे, या सगळ्या जागा त्यांच्यासाठी एकाच घराच्या खोल्या आहेत. कोणत्या दिवशी कोणती वापरायची हे वारा, पाणी आणि त्रास यांवर ठरते, आणि आधी उतरलेले पक्षी पाहून मागचे उतरतात. पाण्यात थवा दिसला, हाच त्यांच्यासाठी जागा सुरक्षित असल्याचा पुरावा.

याच सवयीची दुसरी बाजू धोक्याची. निर्णय थव्याचा असतो, त्यामुळे नुकसानही अर्धवट होत नाही. तलाव निम्मा आटला म्हणजे निम्मे पक्षी येतील असे होत नाही. बहुतांश थवा एकदम दुसरीकडे जातो, आणि मागे राहतात ते थकलेले, कोवळे किंवा जखमी मोजके पक्षी. थव्याच्या कडेचे पक्षी पहारा देतात, आतले झोपतात. शंभर पक्ष्यांच्या गोलाकार थव्यात साधारण पस्तीस पक्षी कडेला येतात, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त. दहा हजारांच्या थव्यात कडेला साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे साडेतीन टक्के. छोट्या गटातल्या प्रत्येक पक्ष्याच्या वाट्याला पहारा जास्त आणि झोप कमी येते. आटलेल्या तलावाच्या उरलेल्या डबक्यात दहा-वीस रोहित दिसतात तेव्हा "अजून येतात की" असे म्हणून निश्चिंत होऊ नये. तेच पक्षी सर्वाधिक धोक्यात असतात, कारण चिखल वाळून कठीण झाला की कुत्रे चालत आत पोहोचतात. पाण्याचा आणि मऊ चिखलाचा पट्टा हेच त्यांचे कुंपण असते.

रोहिताला उडायला धाव लागते. पाण्यावर किंवा चिखलावर काही पावले पळत, पंख मारत तो वर उठतो. म्हणून चारी बाजूंनी झाडे-इमारती असलेले लहान डबके त्याला नको असते, खाली पाणी कितीही चांगले असले तरी. संध्याकाळी आणि रात्री उठणाऱ्या थव्याच्या वाटेत तार, उंच फलक, झगझगीत दिवा आला की टक्कर ठरलेली. 20 मे 2024 च्या रात्री मुंबईत उतरणाऱ्या एका विमानाला रोहितांचा थवा धडकला आणि घाटकोपर परिसरात 39 च्या आसपास पक्षी मृत सापडले. नवी मुंबईचा विमानतळही आता सुरू झाला आहे. भरतीच्या जागा जितक्या कमी होतील तितके थवे नवी जागा शोधत आकाशात जास्त वेळ राहणार, म्हणून या पाणथळींचा प्रश्न विमानांच्या सुरक्षिततेचाही आहे.

याच परिसरातल्या सातभाई पक्ष्यांशी तुलना केली तर फरक कळतो. तेही कुटुंबाने राहतात, सगळे मिळून पिलांना भरवतात, पण त्यांची भरारी तोकडी. रुंद रस्ता आणि दोन मोकळे भूखंड मध्ये आले की त्यांचा गट एका तुकड्यात अडकतो. रोहिताला दहा किलोमीटर म्हणजे काहीच नाही. त्याच्या बाबतीत अंतर मोजून उपयोग नसतो. भरतीच्या प्रत्येक तासाला कुठे किती उथळ पाणी मिळते, ते मोजावे लागते.

पाणी कसे अडले

डीपीएस तलाव भरतीच्या पाण्यावर जगतो. जेट्टीच्या कामात पाणी आत आणणारा मार्ग बुजला, उरलेल्या मार्गांत गाळ साचला, आणि तलावात ताजे पाणी येणे थांबत गेले. हे लगेच लक्षात येत नाही, कारण पावसाळ्यात तलाव पावसाने भरतो. ऑगस्टमध्ये पाहणी करणाऱ्याला तो तुडुंब दिसतो. रोहित येतात ते पाऊस संपल्यावर, आणि मेअखेर किंवा जूनपर्यंत राहतात. तलावाची खरी परीक्षा जानेवारी ते मे या महिन्यांत होते.

गणित करून पाहू. 30 एकर म्हणजे सुमारे 1,21,000 चौरस मीटर. उन्हाळ्यात दिवसाला 6 मिलिमीटर बाष्पीभवन धरले तर रोज सव्वासातशे घनमीटर पाणी उडून जाते. सरासरी 20 सेंटिमीटर पाणी असलेला तलाव, नवे पाणी आले नाही तर, महिना-सव्वा महिन्यात कोरडा होतो. पाझर धरला तर त्याहून लवकर. त्याआधीच, पाणी निम्म्यावर आले की मीठ दुपटीने घट्ट होते, पाणी तापते, खतावलेल्या पाण्यावर शेवाळाचा जाड थर धरतो. हे शेवाळ रोहितांच्या खाण्याचे नव्हे. त्यांना लागते ते पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शेवाळ. चटईसारखा थर पाण्याचा वरचा भाग झाकतो, कुजताना प्राणवायू संपवतो, आणि अशा तापलेल्या, कुजक्या पाण्यात पाणपक्ष्यांना बोट्युलिझमची विषबाधा होण्याचा धोका जगभर माहीत आहे. मान टाकलेला, पाय ओढत चालणारा पक्षी दिसला तर आधी हीच शंका घ्यावी.

आता येणारे पाणी मोजू. मोरीत एक मीटर व्यासाचा एक पाइप आहे, तो भरून वाहतो आणि पाण्याचा वेग सेकंदाला एक मीटर आहे असे धरू. दोन तासांत सुमारे 5,650 घनमीटर पाणी आत येते, म्हणजे तलाव पावणेपाच सेंटिमीटर चढतो. दहा दिवसांत उडालेले पाणी दोन उधाणांत परत मिळते. एक चालू पाइप तलाव जिवंत ठेवू शकतो, इतका हा हिशोब सोपा आहे.

पण पाइपची तळपातळी कुठे आहे यावर सारे अवलंबून. समजा ती कोष्टकातल्या साडेतीन मीटरवर आहे. भांगाची सव्वातीन मीटरची भरती तिथपर्यंत पोहोचतच नाही. दर पंधरवड्यात काही दिवस तलाव उपाशी राहतो, हे नैसर्गिक आहे आणि चालते. उधाणाला मात्र पाणी साडेतीनच्या वर सुमारे चार तास असते. पाइपात अर्धा मीटर गाळ बसला की उंबरा चार मीटरवर जातो आणि तीच वेळ पावणेतीन तासांवर येते. शिवाय वाट निम्मी झालेली असतेच. म्हणजे निम्म्या गाळाने पाणी निम्म्याहून बरेच कमी होते. "अजून अर्धा पाइप उघडा आहे" हे उत्तर म्हणूनच पटण्यासारखे नाही.

उघाडी कशी हवी

रायगड-ठाण्यातल्या खारबंदिस्तीला, म्हणजे शेतात खारे पाणी येऊ नये म्हणून घातलेल्या बांधांना, उघाड्या (झडपेची दारे) असतात. शेतातले पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर जाते आणि भरतीचा दाब आला की झडप बंद होऊन खारे पाणी बाहेर राहते. या तलावासाठी हीच रचना उलटी हवी : पाणी आत यावे, पण ओहोटीबरोबर सगळे निघून जाऊ नये. नुसता मोठा पाइप टाकून मोकळे होण्याची चूक बहुतेक ठिकाणी इथेच होते. उधाणाला तलाव खोल भरतो, छोट्या रोहितांना उभे राहायला तळ उरत नाही, आणि ओहोटीला तो सगळा रिकामा होतो. नोंदीत मात्र पाण्याचा प्रवाह पूर्ववत झाल्याचे दिसते.

उपाय साधा आहे. पाइपच्या आतल्या तोंडाशी काँक्रीटची चौकट बांधावी, तिला खाचा ठेवाव्यात आणि कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात घालतात तसे बर्गे, म्हणजे आडव्या फळ्या, त्यांत बसवावेत. एकेक बर्गा 10 ते 15 सेंटिमीटर उंचीचा असला की पातळी तितक्याच टप्प्यांनी बदलता येते. खाऱ्या पाण्यात लोखंडी बर्गा काही हंगामांत गंजून खाचेत अडकतो, म्हणून फायबरचा किंवा चांगल्या लाकडाचा घ्यावा. तोंडाशी प्लास्टिक अडवायला जाळी लागते. ती बारीक ठेवू नये, कारण पहिल्याच उधाणात पिशव्यांनी भरून ती स्वतःच बूच होते. बोटभर जाडीच्या उभ्या सळ्या, मध्ये वीतभर अंतर, आणि उधाणाच्या आठवड्यात रोज साफसफाई, एवढे पुरते. तलावात दोन ठिकाणी रंगवलेली पातळीपट्टी रोवावी आणि तिचा शून्य तलावाच्या सरासरी तळाशी जुळवावा. नाहीतर पट्टीवरचा आकडा नुसताच आकडा राहतो. डिसेंबरपासून मेपर्यंत पातळी 15 ते 30 सेंटिमीटरच्या दरम्यान खेळती ठेवली, आणि तळाचे चढउतार न सपाटता तसेच राहू दिले, तर दोन्ही रोहितांना आणि कडेच्या लहान पाणलाव्यांनाही जागा मिळते.

तळ मशीनने सपाट करणे, काठावर फरशी आणि उंच दिवे लावणे, मध्ये कारंजे बसवणे ही सुशोभीकरणाची कामे येथे घातक आहेत. शहराला रोहितांचे शहर म्हणवून घ्यायचे असेल तर त्यांच्या झोपेच्या तासांत अंधार ठेवणे हे पहिले काम. काठच्या रस्त्याचे दिवे खाली वळवलेले, झाकलेले आणि पिवळसर असावेत.

तिवरांची रोपे

सगळ्यात अवघड गुंता हा. पाणी आत आले की तिवराची, म्हणजे कांदळवनातल्या झाडाची, रुजू लागलेली फळेही तरंगत येतात आणि उथळ चिखलात धरतात. पहिल्या वर्षी ती बोटभर असतात, कोणी लक्ष देत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी झुडूप होते, मोकळे पाणी तुटते, थव्याला दूरचे दिसेनासे होते आणि धावायला पट्टा उरत नाही. रोहित ती बाजू सोडतात. कांदळवन वाढले म्हणून आनंद आणि रोहित गेले म्हणून दुःख, दोन्ही एकाच कारणाने.

कांदळवनाला कायद्याचे भक्कम संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 च्या निकालात त्याचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांवर घाला ठरवला, आणि ते योग्यच आहे. म्हणून कोणीही उत्साहाने रोपे उपटायला उतरू नये. तलावाच्या व्यवस्थापन आराखड्यातच मोकळ्या पाण्याची हद्द नकाशावर आखून घ्यावी आणि तेवढ्या भागातली वर्षाच्या आतली रोपे पाऊस संपताना, पक्षी येण्याआधी, वन विभागाच्या कांदळवन कक्षाच्या परवानगीने आणि देखरेखीखाली हाताने काढावीत. झाड झाल्यावर प्रश्न परवानगीचा, मशीनचा आणि न्यायालयाचा होतो. काठावरचे जुने कांदळवन मात्र जसेच्या तसे राहू द्यावे. वस्तीच्या आवाज-उजेडाचा आडोसा तेच देते.

हद्दीबाहेरचे पाणी

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य ऑगस्ट 2015 मध्ये घोषित झाले, क्षेत्र सुमारे 1,690 हेक्टर. 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. अभयारण्याने चरायची जागा जपली, भरतीच्या मुक्कामाच्या अनेक जागा मात्र हद्दीबाहेर राहिल्या, आणि शहराच्या कागदांवर त्या मोकळे भूखंड म्हणूनच नोंदल्या गेल्या. टी. एस. चाणक्य-एनआरआय भागातल्या पाणथळीवरच्या गोल्फ मैदानाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला तो यातूनच. पाणजेतही भरतीचे पाणी अडल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे झाल्या.

संवर्धन राखीव क्षेत्र ही तरतूद वन्यजीव संरक्षण कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने आली. अभयारण्यांना लागून असलेल्या किंवा दोन संरक्षित भागांना जोडणाऱ्या सरकारी जमिनीसाठी ती आहे, आणि तिच्यासोबत व्यवस्थापन समितीही येते. डीपीएस तलावाला हा साचा नेमका बसतो. पण तलावाची मोरी, पाण्याची वाट आणि जेट्टीचा रस्ता यांवर वेगवेगळ्या यंत्रणांचा ताबा असतो. तलाव एकाकडे आणि त्याचे पाणी दुसऱ्याकडे राहिले तर दर हंगामात गाळ काढायचा कोणी यावरच मार्च उजाडतो. म्हणून खाडीपासून बर्ग्यांपर्यंतचा पूर्ण मार्ग समितीच्या कक्षेत लेखी घेणे, आणि गाळ काढायची तारीख ऑक्टोबरची ठरवणे, ही आराखड्यातली सर्वांत महत्त्वाची दोन वाक्ये ठरतील.

करावे गाव आणि सीवूड्सच्या रहिवाशांच्या हातात रोजचे काम बरेच आहे. उधाणाच्या दिवशी पातळीपट्टीचा एक फोटो, तारीख-वेळेसह, एकाच जागेवरून. पाणी चढत असताना मोरीच्या दोन्ही तोंडांचा एकेक फोटो. मोजणी भरतीच्या माथ्यावर करावी, तेव्हा थवा स्थिर असतो. दहा पक्ष्यांचा ठोकळा डोळ्यात बसवून शंभर मोजावेत, मग शंभराच्या मापाने पुढे जावे, आणि छोटे-मोठे रोहित वेगळे लिहावेत. काठावर उभे असताना थव्यातल्या खाली गेलेल्या माना एकेक करून वर येऊ लागल्या, पक्षी एकमेकांजवळ सरकू लागले, की आपण फार जवळ आलो. तेथेच थांबून मागे फिरावे. पुढची पायरी उडण्याची असते, आणि भरतीच्या वेळी उडालेल्या थव्याला खाली बुडालेला चिखल आणि दुसऱ्या भरलेल्या जागा एवढेच उरते. ड्रोन तर मुळीच नको.

जखमी रोहित सापडला तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. तोवर कुत्र्यांना दूर ठेवून, डोक्यावर सुती कापड टाकून त्याला शांत ठेवावे. पाय दुमडून खोक्यात कोंबू नये, कारण लांब पायांच्या पक्ष्यांच्या मांड्यांचे स्नायू तशा ताणाने निकामी होतात आणि जखम बरी होऊनही पक्षी उभा राहू शकत नाही. चोचीत पाणी ओतू नये. त्याला उचलायचेच झाले तर पंख अंगाशी धरून, पाय मोकळे लोंबते ठेवून, आणि शक्य तितक्या कमी वेळासाठी.